शिंपिणीच्या बंगल्यातली अकरा वर्षं

गोल पलंगाला चादर घालायची तर आधी डोकं कुठं आणि पाय कुठं हे ठरवावं लागतं, आणि ते गिऱ्हाईक ठरवत नाही, चादर घालणारी ठरवते. अकरा वर्षं ते मी ठरवत होते. एवढा अधिकार मला जन्मात दुसऱ्या कशावर मिळाला नाही, संसारात तर नाहीच.

चौकोनी पलंगाचं काम सोपं. चार कोपरे, चारी ठिकाणी पाकिटासारखी घडी, झालं. गोल पलंगाला कोपराच नसतो. मोठी चादर पसरायची, मधोमध उशी ठेवायची म्हणजे ती सरकत नाही, आणि कडेकडेनं फिरत लुगड्याच्या निऱ्यांसारख्या चुण्या घालत गादीखाली खोचत जायचं. एक चुणी सैल राहिली तर सकाळी चादर गिऱ्हाइकाच्या गळ्यात. त्यातून आमच्याकडची माणसं दक्षिणेकडं पाय करून झोपत नाहीत. चौकोनी पलंगावर फार तर उशी फिरवतील. गोल पलंगावर माणूस झोपेत घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. खानापूरकडचे एक पुढारी सकाळी उठले ते थेट दक्षिणेकडं पाय करून. चहाला हात न लावता त्यांनी मला विचारलं, ह्या पलंगावर याआधी कोण मेलंय का. मी म्हटलं, अजून तरी नाही. तरी दुसऱ्या दिवशी ते गादी जमिनीवर ओढून झोपले.

हा पलंग, गुलाबी संगमरवराचा आंघोळीचा टब, मोरपंखी रंगाची छतं आणि तीन बाजूंनी आरसे असलेली एक खोली, हे सगळं बेळगावात कॅम्पाच्या कडेला एका बंगल्यात होतं. बंगला बांधला इंदुमती मॅडमनी. मूळच्या त्या नंदगडच्या, शिंप्याची पोर. वडिलांच्या मशिनीखाली पडलेल्या चिंध्यांची बाहुल्यांची झंपरं शिवता शिवता मुंबईला गेल्या आणि सिनेमातल्या बायकांचे कपडे बेतायला लागल्या. फॅशन डिझायनर हा शब्द बेळगावात तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. मुंबईत त्यांना मादाम इंदू म्हणत. बेळगावात त्यांनी हवा चांगली म्हणून महालासारखा बंगला बांधला, तो टांगेवाल्यांनी पहिल्याच महिन्यात शिंपिणीचा बंगला करून टाकला. मॅडम चिडायच्या. पण टांग्यात बसल्यावर त्यांनाही तोच पत्ता सांगावा लागे.

पुढं फॅशन बदलली, बायका गेल्या, बंगला राहिला. तो निपाणीच्या आप्पासाहेबांनी घेतला. आप्पासाहेब तंबाखूचे व्यापारी, त्यांच्या बेळगावातल्या वखारीत माझी आई तंबाखू चाळायची. मुंबईला त्यांनी एका जुन्या हवेलीचं हॉटेल झालेलं बघितलं होतं आणि आपलंही तसंच एक असावं असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. खोल्या मोजून नऊ, पण थाट असा की गिऱ्हाइकानं दाराशीच दबून जावं. फक्त खरेदीखतात मॅडमनी एक ओळ घालून ठेवली होती. वरच्या मजल्यावरची आरशांची खोली, त्या स्वखुशीनं सोडत नाहीत तोवर, त्यांचीच. आप्पासाहेबांना वाटलं, म्हातारी आहे, किती दिवस राहील? मॅडम तेव्हा साठीच्याही नव्हत्या.

आणीबाणीच्या आधी दोनेक वर्षं मी कामाला लागले. सातवी पास होते, हात स्वच्छ होता, आणि आप्पासाहेबांना वखारीतल्या बाईची पोरगी म्हणजे उलटून बोलणार नाही असं वाटलं. त्यांच्या घरच्या, वहिनीसाहेब, यांनी एकच अट घातली. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. आम्ही बौद्ध. आमच्या हातची चादर चालायची, उशी चालायची, टॉवेल तोंडाला चालायचा, फक्त चहाची किटली चालायची नाही. माणसाची जात चादरीतून लागत नाही आणि किटलीतून लागते, हे शास्त्र मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

हाउसकीपिंग हा शब्द मला नोकरी सोडायच्या सुमारास कळला. तोवर मी नुसत्या खोल्या करत होते. बाहेरच्यांना वाटतं झाडलोट. खरं काम असं की काल इथं कुणी झोपलं होतं हे आज येणाऱ्याला कळता कामा नये, आणि तुम्हाला मात्र सगळं कळलेलं असतं. उशीवर तेलाचा डाग कुठं आहे यावरून माणूस कुशीवर झोपतो की उताणा ते कळतं. दोन माणसांची खोली आणि एकाच बाजूची चादर चुरगळलेली असेल तर तिथं जास्त थांबायचं नाही, चादर बदलून गुपचूप बाहेर यायचं. सीमेवर कोगनोळीच्या नाक्यावर तासन् तास अडकून आलेला माणूस मी टॉवेलावरून ओळखायची. एवढा धुरळा दुसऱ्या कुठल्या रस्त्याला अंगावर बसत नसे.

टबाचे हाल तर विचारू नका. बेळगुंदीचं एक वऱ्हाड उतरलं होतं. सकाळी मी खोलीत गेले तर टब पोह्यांनी भरलेला. आचाऱ्याला एवढं मोठं पातेलं मिळालं नव्हतं. नंतर मला सांगण्यात आलं की पोहे फार मऊ झाले होते. मी त्या दिवशी घरून डबा आणला होता, हे मी नशीब समजते.

आणि पाटी. आप्पासाहेबांनी दारावर हॉटेल राजविलास अशी पाटी लावली, वर मराठीत, खाली कन्नडमध्ये. आठ दिवसांत कन्नडवाल्यांनी मराठीवर डांबर फासलं. मग कन्नड वर, मराठी खाली केली. आठ दिवसांत मराठीवाल्यांनी कन्नडवर डांबर फासलं. आप्पासाहेबांनी वैतागून पाटीच काढली. दोन वर्षं हॉटेल बिनपाटीचं चाललं आणि गिऱ्हाइकात एकानंही घट झाली नाही, कारण रिक्षावाल्याला कुठल्याही भाषेत शिंपिणीचा बंगला म्हटलं तरी पुरत होतं.

मॅडम रोज सकाळी नाश्त्याला खाली यायच्या. रेशमी गाऊन, मानेला स्कार्फ, हातात काठी. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून चहा घ्यायच्या आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर बोलायच्या. एका पोलीस अधिकाऱ्याला त्या म्हणाल्या, तुमच्या पँटला कंबर नाही, तिथं नुसती आशा आहे. एका नवऱ्या मुलाला म्हणाल्या, हा सूट तुझ्या मोठ्या भावाचा आहे, त्याला परत दे. निम्मी गिऱ्हाइकं पुन्हा आली नाहीत. निम्मी मात्र मित्रांना घेऊन आली, खास बोलणी खायला. आप्पासाहेबांना फक्त न आलेली दिसायची.

शेवटी त्यांनी मला बोलावून घेतलं. मॅडमना काही त्रास द्यायचा नव्हता त्यांना, म्हणे. फक्त त्यांना इथं राहणं आवडेनासं झालं तर बरं. वरच्या मजल्याच्या गरम पाण्याचा व्हॉल्व्ह आणि त्याची चावी माझ्याकडं होती. तो हिवाळ्यात बंद ठेवायचा, चादर वेळेवर बदलायची नाही, जिन्यातला दिवा गेला तर बदलायची घाई करायची नाही.

मी ते केलं. आई अजून त्यांच्या वखारीत होती, धाकटी भावंडं शाळेत होती. कारणं खरी होती, पण व्हॉल्व्ह माझ्याच हातानं फिरत होता. बेळगावची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना काय ते कळेल. मॅडमनी एकदाही तक्रार केली नाही. एकदा फक्त जिन्यात थांबून म्हणाल्या, "कमळे, तुझी चावी फार वाजते गं." मी त्या दिवसापासून चावी पदरात बांधायला लागले, एवढीच माझी लाज.

त्याच हिवाळ्यात आप्पासाहेबांच्या मुलीचं, रेखाचं, लग्न निघालं. लग्न बंगल्याच्याच आवारात. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. रेखाचा शालू तांबडा, भरजरी, पदरावर मोर. इस्त्रीचं काम माझ्याकडं. विजेची इस्त्री होती आणि बेळगावची वीज तेव्हा लहरी होती, दाब वाढला की इस्त्री तव्यासारखी तापायची. म्हणून मी ओलं फडकं टाकून, हलक्या हातानं करत होते. साडेनऊ झाले असतील. वहिनीसाहेबांनी तातडीनं हाक मारली. मी इस्त्री बाजूला उभी केली आणि पळाले. काम काय, तर देवक बसवलेल्या खोलीकडं आज फिरकायचंही नाही, हे मला बजावून सांगायचं होतं. मी बरं म्हणून परत आले, तोवर इस्त्री कलंडली होती. पदराचं जरीकाम जिथं सुरू होतं त्याच्या बोटभर अलीकडं तळहाताएवढा करपट डाग, मधोमध भोक.

माणूस अशा वेळी रडतो असं ऐकून होते. मला रडू आलं नाही. मला फक्त आईची चाळणी दिसली. शालू गुंडाळला आणि वर गेले, त्याच बाईच्या दारात जिचं गरम पाणी मी पहाटे बंद केलं होतं.

मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. काय झालं ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "जरा थांब. गार पाण्यानं आंघोळ केलीय, बोटं आखडलीत." आणि हात एकमेकांवर चोळत बसल्या. मी मान खाली घालून उभी राहिले. तेवढा वेळ मला अजून पुरतो.

मग त्यांनी शालू मोठ्या टेबलावर पसरायला लावला. डागाभोवती बोट फिरवलं, पदराची जर चाचपली. म्हणाल्या, जिचा शालू तिला बोलाव. रेखा आली, अंगाला हळद, केस मोकळे. शालूकडं बघून तिनं तोंडावर हात धरला. मॅडमनी तिला सरळ सांगितलं. डागाची पट्टी, वीतभर रुंद, सबंध पन्ह्यातून कापून काढायची आणि पदर पुन्हा अंगाला जोडायचा, जोड जरीच्या रेघेत लपेल. शालू वीतभर आखूड होईल. तू बुटकी आहेस, कुणाला कळायचं नाही. पण कापल्यावर मागं फिरता येणार नाही.

रेखानं मोकळे केस मागं बांधले. मग म्हणाली, "कापा. आईला मी सांगते. आज नाही, पुढच्या वर्षी."

मॅडमनी मोठी कात्री घेतली आणि डाव्या हाताचं बोट जरीच्या रेघेवर ठेवून कापत गेल्या, न थांबता, या काठापासून त्या काठापर्यंत. कापड फाटतानासुद्धा आवाज करतं, ते करत नव्हतं. दोन्ही तुकडे त्यांनी काठाला काठ लावून माझ्यासमोर सरकवले आणि म्हणाल्या, शिव.

मी म्हटलं, मला नाही जमायचं. त्या म्हणाल्या, उश्यांचे अभ्रे कोण शिवतं? मी म्हटलं, अभ्रे वेगळे. तेव्हा त्यांचं मुंबईचं बोलणं गेलं आणि नंदगड बाहेर आलं.

"मला सुई दिसत न्हाय, कमळे. दोन वर्सं झाली. तुझं तोंड बी दिसत न्हाय धड. आता शिव."

मी सुई ओवली. त्या बाजूला बसून बोटानं टाके तपासत होत्या. मोठा झाला, उसव. ताणू नकोस, रेशीम रुसतं. दीड तास मी श्वास किती वेळा घेतला ते मोजता येईल. मधेच मी विचारलं, मग नाश्त्याला लोकांच्या पँटी कशा दिसतात? त्या म्हणाल्या, दिसत नाहीत. माणूस खुर्चीत बसताना कसा कण्हतो त्यावरून कंबर कळते. बाकी अंदाज. आणि ज्याला सांगशील तुझे कपडे बिघडलेत, त्याला ते खरंच वाटतं.

त्या पोलीस अधिकाऱ्याची पँट चांगली असावी, असं मला तेव्हापासून वाटतं.

साडेबाराला रेखा तोच शालू नेसून उभी होती. वहिनीसाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला पदर दाखवत होत्या. अक्षता टाकताना माझी नजर पदराच्या जोडावर होती, आणि माझ्या टाक्यावर सबंध निपाणीचे तंबाखूवाले उभे होते याचा अभिमानही होता. तो नसता तर पुढचं झालं नसतं.

गरम पाण्याचा व्हॉल्व्ह मी त्या दिवसापासून बंद केला नाही. आप्पासाहेबांनी विचारलं तेव्हा मला वाटलं, ह्यांना खरं सांगावं, मन पाघळेल. मी सगळं सांगितलं. डाग, कात्री, शिवण, आणि मॅडमना दिसत नाही ते. रेखा वर्षभर थांबणार होती, तरी सांगितलं. आप्पासाहेब ऐकत राहिले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, खोटं नाही. "लई वाईट झालं बघ," म्हणाले. पाणी चालू ठेव म्हणाले. मी घरी जाऊन आईला सांगितलं की माणूस वाटतो तेवढा वाईट नाही.

महिन्याभरानं मॅडमचा मुंबईचा भाचा आला. आप्पासाहेबांनी पत्र घालून बोलावलं होतं. आंधळी बाई, एवढा जिना, पडली बिडली तर काय, असं. मी चादर बदलायला गेले तर भाचा आणि आप्पासाहेब मॅडमच्या खोलीत होते आणि टेबलावर एक कागद. वरच्या मजल्याच्या दुरुस्तीला संमती, एवढंच आहे, असं भाचा सांगत होता. मॅडमनी पेन हातात घेतलं. मग पेन तसंच धरून म्हणाल्या, "कमळे, वाच गं."

आप्पासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. वखारीच्या मालकानं वखारीतल्या बाईच्या पोरीकडं जसं बघावं तसं. मी कागद उचलला. त्यात दुरुस्तीचं काही नव्हतं. खोलीवरचा हक्क मी स्वखुशीनं सोडत आहे, असं होतं. मी तेच वाचलं, मोठ्यानं, सातवीच्या पोरीसारखं, एकेक शब्द. स्वखुशीनं हा शब्द वाचताना अडखळले.

भाचा छताकडं बघत होता, मोरपंखी रंग त्याला प्रथमच दिसल्यासारखा. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. मग विचारलं, माझ्या डोळ्यांचं यांना कुणी सांगितलं?

मी म्हटलं, मी.

त्या उठून खिडकीशी गेल्या. चार दिवस बोलल्या नाहीत. नाश्त्याला खाली येत, चहा घेत, गिऱ्हाइकांना सोडून देत. एक जण मुद्दाम ढगळा कोट घालून टेबलाशी घुटमळला, तरी नाही. पाचव्या दिवशी त्यांनी आप्पासाहेबांना बोलावलं आणि सांगितलं की मी जाते. मुंबईला नाही, नंदगडला, भावाच्या घरी. आप्पासाहेब गडबडले. आता कशाला, राहा की, असं म्हणायला लागले आणि मला वाटतं त्या वेळी ते मनापासून म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, हा बंगला मी बघायला बांधला होता. आता बघता येत नाही. नुसतं राहायला मला एक खोली कुठंही पुरते.

जाताना काठी न टेकता जिना उतरल्या. मी खाली उभी होते. माझ्या शेजारून गेल्या, थांबल्या नाहीत.

मला काढून टाकतील असं मी धरून चालले होते. काढलं नाही. आप्पासाहेबांनी दोन बायका आणून बघितल्या, पण गोल पलंगाला चादर घालणारं दुसरं माणूस सबंध बेळगावात निघालं नाही. आरशांच्या खोलीचं भाडं त्यांनी सगळ्यांत जास्त ठेवलं. लोक ती घेत आणि दुसऱ्या दिवशी बदलून मागत. तिन्ही बाजूंनी आपण कसे दिसतो ते माणसाला रात्रभर सोसत नाही.

नंदगडला जायला मला आठ महिने लागले. खानापूरहून एसटी होती, भाडं काही फार नव्हतं, धीर नव्हता. एका रविवारी गेले. भावाचं घर बाजारपेठेत, पत्र्याचं, पुढं ओसरी. मॅडम ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. गाऊन नव्हता, साधं सुती लुगडं. समोर दोन बायका झंपराचं कापड घेऊन बसलेल्या, आणि मॅडम एकीच्या दंडाला बोटांनी माप घेत तिला सांगत होत्या की तुझा शिंपी चोर आहे.

मी पायरीपाशी उभी राहिले. बोलायचं काय ते बसमध्ये पाठ करून आले होते. मॅडमनी मान वळवली. कशावरून ओळखलं ठाऊक नाही, चावी तर मी त्या दिवशी घरीच ठेवली होती. म्हणाल्या, वर ये. मी वर गेले. बसायला सांगितलं, बसले. हॉटेलचं काही विचारलं नाही. आई कशी आहे, विचारलं.

आतून त्यांची भावजय आली. माझ्याकडं बघितलं, माझ्या पायांकडं बघितलं, आणि चहा टाकायचा की नाही, आणि टाकला तर कशात द्यायचा, हा हिशेब तिच्या तोंडावर उमटला. आमच्या भागात तो एका प्रश्नात विचारतात.

"कुणाच्यातली म्हणायची ही?"

त्या बायका झंपराचं कापड सोडून ऐकायला लागल्या. मी उठायच्या बेतात होते. असल्या वेळी उठायची मला सवय होती.

"माझ्यातली," मॅडम म्हणाल्या. "चहा टाक. आणि माझ्या कपात दे तिला, मला दुसरा दे."